सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरलेली पेटी

सुरत हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात १६६४ हे साल उभे राहते. शिवाजी महाराजांची ती मोहीम, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान, आपल्या वखारीचे दार राखून बसलेले इंग्रज, हे सारे आपण शालेय वयापासून इतक्या वेळा वाचलेले असते की, सुरतेच्या इतिहासाची बाकीची पाने आपल्यापुरती मिटल्यासारखीच झाली आहेत. त्यांपैकी एक पान येथे उघडावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते पान संगीताचे आहे. सुरत आणि संगीत ही जोडी वाचकांस थोडी चमत्कारिक वाटेल याची मला जाणीव आहे. कापड, जर आणि हिरे यांच्या या नगरीकडे सूर शोधण्यासाठी सहसा कोणी येत नाही.

चलथाणहून निघून सुरत शहर ओलांडले आणि हजिऱ्याच्या बाजूने समुद्राकडे गेले की सुवाळीचा किनारा लागतो. तापीच्या मुखाशी गाळ फार; म्हणून मोठी गलबते शहरापर्यंत येत नसत, ती सुवाळीलाच नांगर टाकीत. १६१२ च्या सप्टेंबरात कॅप्टन टॉमस बेस्ट याची इंग्रज जहाजे येथे आली, पोर्तुगीजांशी त्यांची चकमक झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांना सुरतेत वखार घालण्याची परवानगी मिळाली. या घटना सर्व इतिहासग्रंथांत आहेत. त्या ग्रंथांत ओझरतीच येणारी गोष्ट अशी की, या व्यापाऱ्यांनी मोगल दरबारी पाठवण्यासाठी कापड व चाकूसुऱ्यांबरोबर दोन वादक आणि दोन वाद्येही आणली होती.

हे वादक युरोपातून निघाले तो काळ तेथील संगीताच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा आहे. साधारणपणे १६०० ते १७५० या दीडशे वर्षांना तेथे बरोक युग म्हणतात. हा शब्द वेड्यावाकड्या मोत्याला दिलेल्या पोर्तुगीज नावावरून आला असे मानतात; मोत्यांचा व्यापार पाहिलेल्या सुरतेला तो परका वाटू नये. या युगात वाद्यसंगीताने प्रथमच गळ्याचा हात सोडला. तोवर वाद्य हे मुख्यतः गाण्याच्या मागे चालणारे किंवा नृत्याला ठेका देणारे. आता केवळ वाजवण्यासाठीच रचना होऊ लागल्या आणि त्यांना सोनाटा हे नाव रूढ झाले. इटालियन भाषेत सोनाटा म्हणजे वाजवलेले आणि कंटाटा म्हणजे गायिलेले, इतका हा भेद सरळ आहे. आपल्याकडे चीज आणि गत या शब्दांत जो भेद आहे, तोच थोड्याफार फरकाने.

येथे देवगिरीच्या शार्ङ्गदेवाची आठवण होणे अपरिहार्य आहे. यादवराजा सिंघण याच्या पदरी हिशेबाचे काम पाहणाऱ्या या पंडिताने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हणतात हे सांगताना त्याने त्यांची पायरीही ठरवून दिली: नृत्य वाद्याच्या मागे, वाद्य गीताच्या मागे. आपल्या मराठी मुलखात बसून लिहिलेले हे सूत्र साऱ्या भारतवर्षाने शतकानुशतके प्रमाण मानले. वाद्य 'गाते' ही आजही आपल्याकडे वादकाची सर्वोच्च स्तुती होय. युरोपात हे सूत्र ज्या सुमारास सैल झाले, नेमक्या त्याच सुमारास तेथील वाद्ये सुवाळीला उतरली.

व्हेनिस येथील सेंट मार्क देवालयाचा वादक-रचनाकार जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ मध्ये वाद्यांच्या दोन समूहांसाठी एक सोनाटा छापला. कोठे हळू वाजवायचे आणि कोठे जोराने, हे त्यात कागदावरच नमूद केले होते. त्या दोन समूहांपैकी एकाचा अग्रणी कॉर्नेट हे वाद्य आहे. बेस्टची जहाजे सुवाळीला लागली त्याच १६१२ साली गाब्रिएली वारला, आणि त्याच्या सोनाट्यांचा उरलेला संग्रह १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेला आलेल्या दोन वाद्यांपैकी एक हेच कॉर्नेट होते. आजच्या बँडमधल्या पितळी कॉर्नेटशी त्याची गल्लत करू नये. ते लाकडाचे, किंचित वाकडे, वरून कातडे मढवलेले, बासरीसारखी भोके असलेले आणि तुतारीसारखे ओठांनी फुंकायचे वाद्य होते. त्या काळच्या युरोपात माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचे वाद्य म्हणून त्याची ख्याती होती. दुसरे वाद्य व्हर्जिनल. ही एक चपटी पेटी असते. पट्टी दाबली की आतील पिसाच्या देठाची नखी तार छेडते, नाजूक किणकिण होते आणि क्षणात विरते. इंग्लंडात तेव्हा घरोघरच्या सुशिक्षित मुली ती वाजवीत. बर्ड, बुल आणि गिबन्स या तिघांच्या रचनांचे 'पार्थेनिया' हे व्हर्जिनलचे तेथील पहिले छापील पुस्तक याच एकदोन वर्षांतले आहे.

१६१३ च्या आरंभी पॉल कॅनिंग हा कंपनीचा माणूस सुरतेहून आग्र्याला जहांगीरच्या भेटीस निघाला. त्याच्याबरोबर त्याचा नातलग लॅन्सलॉट कॅनिंग हा व्हर्जिनलवादक आणि रॉबर्ट ट्रली हा कॉर्नेटवादक होता. पुढे काय झाले ते निकोलस विदिंग्टन या इंग्रज व्यापाऱ्याच्या वृत्तान्तातून कळते. लॅन्सलॉटने बादशहासमोर पेटी वाजवली, पण तिची कोणी कदर केली नाही. ट्रलीचे कॉर्नेट मात्र बादशहाला अतिशय आवडले. ते शिकून घेण्याची आज्ञा त्याने आपल्या एका मोठ्या वादकाला केली. तो वादक थोड्याच आठवड्यांत ते चांगले वाजवू लागला आणि लगेच आजारी पडून मरण पावला. लॅन्सलॉटही फार दिवस जगला नाही. आपल्या वादनाची उपेक्षा झाली हे त्याने मनाला लावून घेतले व त्यातच तो गेला, असा समज विदिंग्टन नोंदवतो. पॉल कॅनिंगही त्याच वर्षी आग्र्यात वारला. ट्रली दख्खनच्या राजाकडे निघून गेला, त्याने धर्मांतर केले, नवे नाव घेतले आणि चांगला तनखा मिळवून तेथेच राहिला. एका वादकाचा मृत्यू आणि एकाचे नामांतर, अशी ही पहिल्या फेरीची फलश्रुती.

लॅन्सलॉट कॅनिंगविषयी मला नेहमी करुणा वाटते. तो वाईट वाजवत होता असे मानण्यास काही कारण नाही. त्याची खरी अडचण वाद्याच्या जातीत होती. पेटीच्या एका पट्टीतून एकच स्वर निघतो, आणि तो निघाल्यावर वादकाच्या हातात काही उरत नाही. त्याला वळवता येत नाही, लांबवता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येत नाही. ज्या कानांना मींड आणि गमक यांची सवय, बीनकारांचे आणि कलावंतांचे आलाप ज्या दरबारात रोजचे, तेथे ही किणकिण ऐकून श्रोते 'आता पुढे?' म्हणून वाट पाहत राहिले असतील. कॉर्नेट मात्र श्वासावर चालते. त्याचा स्वर फुगतो, ओसरतो, ओठांच्या दाबाने किंचित वरखाली होतो. शहनाई ऐकणाऱ्याला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. दरबाराने नकळत शार्ङ्गदेवाचीच कसोटी लावली होती: जे गाते ते वाद्य.

व्हर्जिनलला दुसरी संधी मिळाली. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुवाळीला उतरला. त्याच्या नजराण्यात एक घोडागाडी आणि पुन्हा एक व्हर्जिनल होती, आणि ती वाजवण्यासाठी टॉमस आर्मस्ट्राँग नावाचा वादक कंपनीने मुद्दाम पाठवला होता. सुरतेच्या अधिकाऱ्यांशी झडतीच्या प्रश्नावरून महिनाभर वाद घातल्यावर ऑक्टोबरअखेर रो निघाला. व्यारा, नंदुरबार, बुऱ्हाणपूर हा त्याचा मार्ग. आज चलथाण स्थानकावरून गाडीत बसून खानदेशात गावी जाणारा मराठी माणूस साधारण त्याच दिशेने जातो. नंदुरबारच्या फलाटावर चहा घेताना त्याला या वकिलाची आठवण येण्याचे अर्थातच काही कारण नाही.

१६१६ च्या जानेवारीत अजमेरला नजराणा सादर झाला. रो आपल्या रोजनिशीत लिहितो की, बादशहाने व्हर्जिनल वाजवायला लावली आणि तो संतुष्ट झाला. म्हणजे या खेपेस पेटीची अगदीच उपेक्षा झाली नाही. पण तो संतोष एका संध्याकाळीपुरताच असावा, कारण त्याच रात्री बादशहाचे सारे कुतूहल गाडीकडे वळले. एवढा मोठा राजा इतक्या कमी किमतीच्या भेटी कशा पाठवतो, असेही त्याने दरबारातील पाद्र्याला विचारले. पुढे त्या गाडीवरून येथील कारागिरांनी दुसरी गाडी बनवली. त्याच वर्षाअखेर जहांगीर अजमेर सोडून निघाला तेव्हा तो नव्या गाडीत बसला होता आणि नव्याने मढवलेल्या मूळ विलायती गाडीत नूरजहान होती. ज्या कारागिरांनी गाडीची हुबेहूब नक्कल केली, त्यांना लाकडाची पेटी करणे काय कठीण होते? पण ती कोणी करून मागितली नाही. गरज असती तर हात होतेच.

हा नकार वरवर पाहता एका वाद्याचा वाटतो. माझ्या मते त्या एका नकारात पुढच्या दीडशे वर्षांच्या युरोपीय वाद्यसंगीताचा नकार सामावलेला आहे, आणि तो कसा हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

बरोक युगातील सोनाटा उभा राहतो तो तळाच्या एका सलग स्वरपंक्तीवर. व्हायोलिन वर कितीही भराऱ्या मारो, खाली एक खर्जाचे तंतुवाद्य आणि एक पट्ट्यांचे वाद्य (हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन) अखंड चालत असतात. रचनाकार तळाचे स्वर लिहून त्यांवर आकडे घालतो. त्या आकड्यांवरून पेटीवादकाने वरचे स्वरसमूह तत्क्षणी भरायचे असतात. आपल्याकडेही आधार आहे. पण तो तंबोऱ्याचा, स्थिर, न हलणारा. षड्ज जागचा ढळत नाही म्हणूनच गायकाला दूरवर जाऊन परत येता येते. युरोपीय सोनाट्याचा आधार चालता आहे. पायाखालची भूमीच पावलागणिक सरकते आणि त्या सरकण्यातून रचनेला पुढे जाण्याची ओढ मिळते. हा फरक ध्यानात आला की जहांगीरच्या दरबारात काय हरवले ते कळते. एकट्याने वाजवलेल्या पेटीत दरबाराला एक अपुरे सूरवाद्य दिसले. युरोपच्या नव्या संगीताची जमीन तीच होती हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. जमीन दाखवायची तर तिच्यावर उभे राहणारे आणखी दोनचार वादक हवेत आणि त्यांच्यापुढे कागद हवा. कंपनीने नजराणा म्हणून वाद्य पाठवले, सोबत एकेक माणूस दिला. संगीत ज्यात राहते ती बैठक पाठवली नाही. व्यापाऱ्यांकडून ही अपेक्षा करणेही चूकच.

जाणता माणूस सुरतेला आलाच नाही असे मात्र नाही. १६२३ च्या फेब्रुवारीत रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले इराणहून इंग्रजांच्या जहाजाने येथे उतरला. वाटेत मरण पावलेल्या आपल्या पत्नीचा देह पेटीत जतन करून तो बरोबर वागवीत होता, ही त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सुरत, खंबायत, अहमदाबाद, दमण, चौल आणि गोवा त्याने पाहिले. हा गृहस्थ नुसता प्रवासी नव्हता. तो संगीताचा मोठा व्यासंगी आणि हौशी रचनाकार होता. रोमला परतल्यावर त्याने काही नव्या धर्तीची वाद्ये बनवून घेतली आणि १६४० मध्ये 'आमच्या काळचे संगीत' हा विषय घेऊन एक दीर्घ पत्र लिहिले. जुने तेच सोने म्हणणाऱ्या मित्राला त्यात त्याने उत्तर दिले आहे की, आजचे संगीत पूर्वीपेक्षा उणे नसून सरस आहे. बरोक संगीताच्या अभ्यासकांना हे पत्र परिचित आहे. ते लिहिणाऱ्याने सुरतेची धूळ तुडवली होती हे आपल्याला परिचित असायला हरकत नाही.

त्यानंतर युरोपात सोनाटा बहरला. रोममध्ये आर्कान्जेलो कोरेल्ली याने १६८१ पासून एकामागून एक बारा-बारा सोनाट्यांचे संग्रह छापले. जर्मनीत बाखने १७२० मध्ये एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचनांचा संच सिद्ध केला, त्यांतील तीन सोनाटे. त्याच शतकात दिल्लीकडे मसीतखानाच्या नावाने ओळखली जाणारी सतारीची गत आकाराला आली, आणि आपल्याकडेही वाद्याला स्वतःची अशी बंदिश मिळाली. ज्याला जी वाट सापडली ती त्याने धरली. एकाची दुसऱ्याला खबर नव्हती.

मराठ्यांचा आणि बरोक युगाचा खरा सामना झाला तो तोफांच्या आवाजात. डोमेनिको स्कार्लात्ती याने १७३८ मध्ये हार्पसिकॉर्डसाठी तीस सोनाट्यांचा संग्रह छापून पोर्तुगालचा राजा पाचवा जॉन याला अर्पण केला. या राजाच्या मुलीचा तो संगीतशिक्षक होता. पुढच्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, त्याच राजाची वसई चिमाजी आप्पांनी जिंकली. तेथील चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. बरोक युगातील एवढा एक स्वर मात्र मराठी माणसाने घरी आणला आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकला.

वाद्य आणि संगीत यांची फारकत कशी होते याचे सर्वांत सुंदर उदाहरण तंजावरचे आहे. तेथील मराठी राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी नावारूपाला आणले, दरबारात पाश्चात्त्य वाद्यवृंद ठेवला. मद्रास आणि तंजावर या परिसरात त्याच सुमारास व्हायोलिन दक्षिणी संगीतात शिरले. बाळुस्वामी दीक्षितर आणि पुढे तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू ही नावे या संदर्भात घेतात. बाळुस्वामींचे बंधू मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी तर इंग्रजी चालींवर संस्कृत पदे रचली. व्हायोलिन टिकले, इतके की आज त्याच्यावाचून दक्षिणेत मैफल उभी राहत नाही. पण ते कसे टिकले पाहा. वादक मांडी घालून खाली बसला, वाद्याचे एक टोक छातीशी आणि दुसरे पायाच्या घोट्याशी टेकवले, तारा षड्ज-पंचमात मिळवल्या आणि हात गमकांसाठी मोकळा केला. व्हायोलिन गायकाच्या मागे सावलीसारखे चालू लागले. कोरेल्लीने ज्याला गाण्याच्या चाकरीतून सोडवले होते, ते वाद्य येथे आनंदाने पुन्हा त्या चाकरीत रुजू झाले. मी याला पराभव म्हणत नाही. या चाकरीत त्याने जे वैभव पाहिले ते अनेक धन्यांच्याही वाट्याला येत नाही.

गोव्याची कथा वेगळी आहे. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांत मुले कागदावरचे स्वर वाचायला शिकत, चार जण मिळून चार वेगळ्या स्वरपंक्ती गात आणि वाजवीत. वाद्याबरोबर बैठक आणि कागद दोन्ही आले होते, म्हणून संगीतही रुजले. विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद लाभला तो मुख्यतः या गोमंतकीय वादकांमुळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्याच परंपरेतले. आपण गाण्याचे शब्द आणि गायकाचे नाव लक्षात ठेवतो. मागच्या व्हायोलिनांच्या ओळी कोणी लिहिल्या हे विचारत नाही. शार्ङ्गदेवाची पायरी आपल्या स्मरणशक्तीतही आहे.

आणि शेवटी ती पेटी. एकोणिसाव्या शतकात ती हार्मोनियमच्या रूपाने परत आली आणि या वेळी मराठी माणसाने तिला घरात, देवळात, रंगभूमीवर जागा दिली. संगीत नाटकाचा पडदा वर जाताना ऑर्गनचा जो भरदार स्वर येई, तो ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत. तरी जुना वाद संपला नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, त्यांचे सहकारी क्लेमंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग केला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दारच बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंद राहिले. तक्रार तीच होती: पट्टीला मींड येत नाही. जहांगीरच्या दरबारातील कोणा बीनकाराला ही तक्रार ऐकवली असती, तर त्याने मान डोलावली असती. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी या पेटीतूनही गायकी काढून दाखवली ही गोष्ट निराळी. पण त्यांनीही ती गायला लावली, तेव्हाच ती आपली झाली.

ज्या वाचकाला या साऱ्याची मूळ बाजू कानांनी पाहायची असेल, त्याने कोरेल्लीचा १७०० सालचा पाचवा संग्रह मिळवून ऐकावा. एक व्हायोलिन आणि तळाला खर्जाचे वाद्य किंवा हार्पसिकॉर्ड, एवढाच त्याचा संसार. त्यातील बारावी रचना फोलिया नावाच्या, मुळात पोर्तुगालकडून आलेल्या एका चालीवर बांधलेली आहे. तीच थोडीथोडकी पंधरा मिनिटांहून कमी वेळात अनेक रूपे घेत जाते. आपले कान स्वभावतः व्हायोलिनच्या मागे धावतील. पहिल्यांदा त्यांना धावू द्यावे. दुसऱ्या खेपेस व्हायोलिन सोडून खालच्या पेटीकडे लक्ष द्यावे: एकेक स्वर उमटतो, विरतो आणि पुढच्याला जागा करून देतो. लॅन्सलॉट कॅनिंग सुवाळीच्या वाळूवर उतरला तेव्हा त्याच्या सामानात होती ती याच जातीची पेटी.